ज्यांनी मत दिले नाही, तेही आपलेच



काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आमच्या वस्तीत पाण्याची नवी लाइन टाकून झाली होती. त्यानिमित्ताने समाजमंदिरात सभा भरली. हार झाले, नारळ फुटला, भाषणे झाली. नगरसेवक साहेबांनी सांगितले की, आता वस्तीचा पाण्याचा प्रश्न कायमचा मिटला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात मागच्या रांगेतून एक मावशी उभ्या राहिल्या. चार घरची धुणीभांडी करून संसार ओढणारी बाई. म्हणाल्या, "साहेब, लाइन आली, बरं झालं. पण आमच्या गल्लीत पाणी पहाटे तीनला येतं आणि वीस मिनिटांत जातं. दिवसभर राबून आलेल्या बाईनं ते कधी भरायचं?"

प्रश्न साधा होता. "वेळ बदलून घेतो", "पाहतो", "जमणार नाही, कारण असे असे आहे", यांपैकी कोणतेही उत्तर चालले असते. पण साहेब हसले आणि माइकवरून म्हणाले, "या मावशींना कुणी पाठवलंय ते मला ठाऊक आहे. दोन-चार विघ्नसंतोषी लोकांना वस्तीचं भलं बघवत नाही. त्यांच्याकडे लक्ष देऊ नका."

पुन्हा टाळ्या पडल्या. मावशी खाली बसल्या.

साहेबांच्या तोंडून ते वाक्य एकदाच निघाले. पण वस्तीत ते महिनाभर फिरत राहिले. नातीच्या शाळेसाठी रहिवासी दाखला हवा म्हणून मावशी कार्यालयात गेल्या, तेव्हा तिथला पोरगा म्हणाला, "तुम्ही तर तिकडच्या ना?" दाखल्यासाठी त्यांना चार खेपा घालाव्या लागल्या. चार दिवसांची खाडे-कपात झाली. नळावर बायका त्यांच्याशी बोलताना इकडे-तिकडे पाहू लागल्या. साहेबांनी कुणाला "हिचा दाखला अडवा" असे सांगितले होते काय? मला तसे वाटत नाही. सांगायची गरजच नव्हती. वरच्या माणसाने "ही आपली नाही" म्हटले की, खालचा माणूस त्याचा अर्थ आपोआप लावतो.

आज या सदरात याच गोष्टीविषयी बोलायचे आहे. आपल्याशी सहमत नसलेल्या नागरिकांविषयी निवडून आलेल्या माणसाने कसे बोलावे? हा केवळ सभ्यतेचा प्रश्न नाही. सामान्य माणूस रागाने काही बोलला तर तो शब्द हवेत विरतो. सत्तेवरच्या माणसाचा शब्द मात्र पायऱ्या उतरत खाली येतो. तो कचेरीतल्या कारकुनापर्यंत येतो, चौकीतल्या हवालदारापर्यंत येतो, रेशन दुकानदारापर्यंत येतो. वर जी नुसती शिवी असते, ती खाली आल्यावर अडलेला दाखला होते, तुटलेला नळ होते, कधी पाठीवरची काठी होते. आणि सगळ्यात खालच्या पायरीवर कोण उभे असते, हे आपल्या समाजाला सांगायची गरज नाही.

आपण तर या शब्दांचे चटके पिढ्यान् पिढ्या सोसले आहेत. खुद्द बाबासाहेबांना काय काय म्हटले गेले ते आठवा. 14 ऑगस्ट 1931 रोजी मुंबईत मणिभवनात त्यांची गांधीजींशी पहिली भेट झाली. त्या वेळी त्यांनी तोंडावर सांगितले की, ज्या देशात आम्हाला कुत्र्या-मांजरांपेक्षाही वाईट वागवले जाते, पाणी मिळत नाही, तो देश आमची मायभूमी म्हणायची तरी कशी? पुढे गोलमेज परिषदेत त्यांनी अस्पृश्यांचे हक्क मागितले, तेव्हा त्यांना देशद्रोही म्हणण्यात आले, इंग्रजांचे हस्तक म्हणण्यात आले. मागणी होती माणूस म्हणून जगण्याची. उत्तर मात्र मागणीला मिळाले नाही. मागणाऱ्याच्या नावाला काळे फासले गेले.

ज्याने हे सगळे सोसले, त्या माणसाच्या बोलण्याला वजन आले तेव्हा तो विरोधकांविषयी कसा बोलला? हे आपल्या मुलांना मुद्दाम सांगण्यासारखे आहे.

9 डिसेंबर 1946 रोजी संविधान सभेचे काम सुरू झाले. 13 डिसेंबरला पंडित नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला. मुस्लिम लीगचे सभासद सभेत आलेच नव्हते. त्यांनी बहिष्कार घातला होता. सभागृहात काँग्रेसचे प्रचंड बहुमत होते. ठराव त्याच दिवशी मंजूर करून टाकणे काही अवघड नव्हते. पण बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांनी उपसूचना मांडली की, जे आले नाहीत त्यांची वाट पाहू, तोवर ठराव पुढे ढकलू. या उपसूचनेवर पुष्कळ सभासद नाराज झाले.

17 डिसेंबर रोजी अध्यक्ष राजेंद्रप्रसादांनी अचानक बाबासाहेबांचे नाव पुकारले. आपली पाळी इतक्यात येईल असे त्यांना वाटले नव्हते. तयारीशिवाय बोलावे लागत आहे, असे त्यांनी आरंभीच सांगितले. काँग्रेसशी त्यांचे उभे हाडवैर होते, हे सगळ्यांना माहीत होते. आता हा माणूस काय बोलतो म्हणून सभागृह कान टवकारून बसले होते.

बाबासाहेब म्हणाले की, आज आपण परस्परविरोधी छावण्यांमध्ये विभागलेले आहोत आणि अशाच एका छावणीचा मीही पुढारी आहे, हे मी कबूल करतो. तरीही हा देश एक होईल याविषयी मला शंका नाही. अडचण शेवटाची नाही, सुरुवातीची आहे. म्हणून घोषणा बाजूला ठेवा, लोकांना भिववणारे शब्द बाजूला ठेवा. विरोधकांच्या मनात काही आकस, काही गैरसमज असतील तर त्यांनाही थोडी वाट करून द्या, पण त्यांना बरोबर घ्या. सत्ता देणे सोपे असते, शहाणपण देणे सोपे नसते, असेही त्यांनी बजावले. लोक चकित झाले. ठराव त्या वेळी पुढे ढकलला गेला आणि 22 जानेवारी 1947 रोजी मंजूर झाला.

फाळणीचा निर्णय होईपर्यंत लीग आली नाही, फाळणी टळली नाही, हे खरे. पण म्हणून बाबासाहेबांचे बोलणे वाया गेले काय? मुळीच नाही. जो गैरहजर आहे, जो रागावून बाहेर बसला आहे, त्याच्याविषयी सुद्धा त्याच्यासाठी खुर्ची राखून ठेवूनच बोलावे, हा धडा त्यांनी घालून दिला.

दुसरा प्रसंग 25 नोव्हेंबर 1949 चा. मसुद्यावर एकूण 7,635 दुरुस्त्या सुचवल्या गेल्या होत्या. त्यांपैकी 2,473 प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. बाबासाहेबांची प्रकृती बरी नव्हती. तशातही ते एकेका दुरुस्तीला उभे राहून उत्तर देत होते. काही सभासद तर प्रत्येक कलमावर हरकत घेत. असे लोक आपल्या एखाद्या कमिटीत असते तर आपण त्यांना काय म्हटले असते? "कामात खोडा घालणारे" हा त्यातल्या त्यात सौम्य शब्द झाला असता.

पण बाबासाहेबांनी त्या शेवटच्या भाषणात या बंडखोरांची नावे घेऊन त्यांचे आभार मानले. कामत, आपल्या विदर्भाचे डॉ. पंजाबराव देशमुख, सिधवा, प्रा. सक्सेना, पंडित ठाकूरदास भार्गव, त्यांच्याबरोबर प्रा. के. टी. शहा आणि पंडित हृदयनाथ कुंझरू. सगळ्यांनी पक्षाची शिस्त पाळून नुसत्या माना डोलावल्या असत्या तर सभेचे काम अगदी नीरस झाले असते, असे ते म्हणाले. यांच्या सूचना मी स्वीकारल्या नाहीत, म्हणून त्या सूचनांचे मोल कमी होत नाही. यांच्यामुळेच संविधानामागची तत्त्वे समजावून सांगण्याची मला संधी मिळाली, असेही ते म्हणाले.

बंधू-भगिनींनो, हे नीट समजून घ्या. बाबासाहेबांनी विरोधकांचे सगळे ऐकले, असे नाही. बहुतेक वेळा "नाही" म्हटले. बाबासाहेबांची जीभ काही मिळमिळीत नव्हती. चुकीच्या युक्तिवादाची आणि अन्यायी रूढीची ते सालटी काढत. पण "तुझे म्हणणे चूक आहे" हे एक, आणि "तू या देशाचा नाहीस, तुला कुणीतरी पाठवले आहे" हे दुसरे. पहिल्याने वाद पुढे जातो. दुसऱ्याने माणूस बाहेर फेकला जातो.

धम्मातही हेच सांगितले आहे. दीघनिकायातले पहिलेच सुत्त ब्रह्मजाल सुत्त. भगवान बुद्ध भिक्खू संघासह राजगृहाहून नालंदेकडे चालले होते. मागून सुप्पिय नावाचा परिव्राजक बुद्धाची, धम्माची आणि संघाची निंदा करीत येत होता. भिक्खूंमध्ये चर्चा सुरू झाली. तथागतांनी त्यांना सांगितले की, कुणी आपली निंदा केली तर रागावू नका. कारण तुम्ही रागावलात, तर तो बोलतो ते खरे की खोटे हे तुम्हाला कळणारच नाही. खोटे असेल तर शांतपणे सांगा की हे असे नाही. कुणी स्तुती केली तरी हुरळून जाऊ नका.

केवढे व्यवहारी बोलणे आहे हे! मावशींच्या प्रश्नावर साहेब चिडले नसते, तर पाणी खरोखर पहाटे तीनला येते की नाही, हे त्यांना कळले असते.

आणि उपाली गृहपतीची कथा तर तुम्ही विहारात ऐकली असेल. उपाली हा निगंठांचा मोठा उपासक. बुद्धाशी वाद घालायला आला आणि बुद्धाचा उपासक झाला. तेव्हा तथागत त्याला म्हणाले, आधी नीट विचार कर. आणि इतके दिवस तुझ्या दारी निगंठांना अन्न मिळत आले आहे, ते बंद करू नकोस. आपला अनुयायी झालेल्या माणसाला दुसऱ्या मताच्या लोकांची भाकर तोडू नकोस असे सांगणारा हा शास्ता. आज मात्र "त्या गल्लीने मत दिले नाही" म्हणून त्या गल्लीचे गटार तुंबलेले राहते.

बाबासाहेबांनी आपल्या धम्मग्रंथात सम्यक वाचेचा अर्थ सांगताना खोटे बोलू नये, निंदा करू नये, रागाची व शिवीगाळीची भाषा वापरू नये, हे तर सांगितलेच. पण सम्यक वाचा भीतीपोटी किंवा कुणाची मर्जी राखण्यासाठी नसावी, हेही सांगितले. म्हणजे पुढाऱ्याने विरोधकाला शिवी देऊ नये, तसेच नागरिकाने पुढाऱ्याची हांजी हांजी करू नये. सम्यक वाचा दोघांनाही लागू आहे.

राज्यकर्त्यांपैकी सम्राट अशोकाने ही गोष्ट खडकावर कोरून ठेवली. गिरनारच्या त्याच्या बाराव्या शिलालेखात 'वचिगुती' म्हणजे वाणीचा संयम सांगितला आहे. कारण नसताना आपल्या पंथाची बढाई मारू नये, दुसऱ्याच्या पंथाला हिणवू नये; दुसऱ्याचे ऐकावे. हा लेख पंथांविषयी आहे, हे खरे. पण ज्याच्या हाती दंड होता, त्याला आपली जीभ आवरावीशी वाटली, ही बाब लहान नाही.

आता कायद्याकडे वळू. मंत्री शपथ घेतात ती टीव्हीवर आपण पाहतो, पण शब्द कानाआड जातात. संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत त्या शपथेचा नमुना आहे. भीती किंवा पक्षपात न करता, कुणाविषयी ममत्व किंवा आकस न बाळगता सर्व प्रकारच्या लोकांना संविधान व कायद्याप्रमाणे न्याय देईन, असा तिचा आशय आहे. सर्व प्रकारच्या लोकांना! त्यात मत न देणारे आले, मोर्चा काढणारे आले, काळे झेंडे दाखवणारेही आले.

एकोणिसाव्या कलमाने नागरिकाला बोलण्याचा, शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र येण्याचा हक्क दिला आहे. सरकारवर कडक शब्दांत टीका केली म्हणून तो राजद्रोह होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1962 साली केदारनाथ सिंह खटल्यातच स्पष्ट केले. दुसऱ्या बाजूला 105 आणि 194 या कलमांनी खासदार-आमदारांना सभागृहात केलेल्या भाषणाबद्दल न्यायालयीन कारवाईपासून संरक्षण दिले आहे. हे संरक्षण कशासाठी? तुमच्या-आमच्या वतीने निर्भयपणे बोलता यावे म्हणून. तुम्हा-आम्हालाच नावे ठेवण्यासाठी नव्हे.

मग अशा बोलण्याला न्यायालय आळा घालील काय? 3 जानेवारी 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने निकाल दिला की, मंत्र्याने केलेले विधान सरसकट सरकारचे विधान मानता येणार नाही, आणि संविधानात आहेत त्यापेक्षा जादा बंधने बोलण्यावर घालता येणार नाहीत. म्हणजे शेवटी लगाम आपल्याच हाती आहे. मतदाराने टाळ्या वाजवल्या तर तसली भाषा वाढते, मतदार गप्प बसला तर ती थबकते.

हा रोग कुठल्या एकाच पक्षाचा नाही. 2012 साली कुडनकुलमच्या अणुवीज प्रकल्पाला मच्छीमार कुटुंबे विरोध करीत होती, तेव्हा त्या वेळच्या पंतप्रधानांनी या विरोधामागे परदेशी पैशावर चालणाऱ्या संस्था असल्याचे म्हटले. 2021 साली शेतकरी दिल्लीच्या वेशीवर बसले होते, तेव्हा पंतप्रधानांनी राज्यसभेत 'आंदोलनजीवी' हा शब्द वापरला. पुढे त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते तिन्ही कायदे मागे घेण्याची घोषणा त्यांनाच करावी लागली. धरणाखाली जमीन गेलेला माणूस पुनर्वसन मागतो, तो 'विकासविरोधी' ठरतो. वस्तीतला पोरगा भित्तिपत्रक लावतो, तो 'शहरी नक्षलवादी' ठरतो. पक्ष बदलतात, शब्द बदलतात, पण युक्ती तीच राहते. प्रश्नाला उत्तर द्यायचे नसले की प्रश्न विचारणाऱ्याला नाव ठेवायचे.

कुणी म्हणेल, मग दगडफेक करणाऱ्यालाही पुढाऱ्याने गोड बोलावे काय? नाही. बाबासाहेबांनीच 25 नोव्हेंबर 1949 च्या त्याच भाषणात रक्तपाताचे मार्ग सोडा, आता सनदशीर मार्ग खुले आहेत, असे ठणकावून सांगितले होते. ज्याने दगड मारला त्याच्यावर कायद्याने कारवाई व्हावी आणि पुढाऱ्याने तसे स्पष्ट बोलावे. पण कृत्याला नाव द्यावे, वस्तीला देऊ नये. एका हाताने दगड मारला म्हणून सगळी वस्ती 'तसली' ठरली, तर रात्री पोलिसांची गाडी सगळ्याच घरांसमोर उभी राहते. आपल्या कित्येक आया-बहिणींनी हे पाहिले आहे.

इतके दुसऱ्यांविषयी लिहिले. आता घरचे सांगतो, नाहीतर हे लिहिणे अर्धे राहील.

मी काही वर्षे आमच्या जयंती समितीचा चिटणीस होतो. लोकांनी हात वर करून मला निवडले होते. म्हणजे लहान का होईना, मीही निवडून आलेलाच. एका सभेत कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलाने विचारले, "काका, डीजेला एवढा खर्च आणि अभ्यासिकेला एवढाच का?" मला राग आला. वर्गणीसाठी मी दारोदार फिरलो होतो. मी म्हणालो, "चार पुस्तकं वाचली म्हणजे शहाणा झालास काय? समाजात फूट पाडू नकोस."

तो मुलगा विहारात यायचा बंद झाला. वर्षाअखेर हिशेब लिहायला बसलो, तेव्हा त्याचे म्हणणे रुपयात माझ्या समोर उभे राहिले. मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईने चहा केला. मुलगा खाली मान घालून म्हणाला, "काका, तुम्ही नाही म्हणाला असता तरी चाललं असतं. पण सगळ्यांसमोर मला फूट पाडणारा म्हणालात. आता मी काहीही बोललो तरी लोकांना तेच आठवतं."

त्या दिवशी मला मावशी आठवल्या. नगरसेवक साहेबांच्या आणि माझ्या बोलण्यात फरक एवढाच होता की, त्यांच्याकडे माइक मोठा होता. आपल्या चळवळीत आपण एकमेकांना 'दलाल', 'विकला गेला', 'समाजद्रोही' अशी नावे किती सहज ठेवतो! 1957 साली स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाचे पुढे किती तुकडे झाले, ते आपण सारे जाणतो. त्याला कारणे अनेक असतील. पण मतभेद झाला की माणसालाच बाद करायचे, ही सवय त्यात नव्हती असे कोण म्हणेल?

पुढच्या सभेत मी उभे राहून त्या मुलाची माफी मागितली. तेव्हापासून विहाराबाहेरच्या फळ्यावर जमाखर्च खडूने लिहिला जातो. मुलगा लगेच आला नाही. दुसऱ्या वर्षी आला आणि येताना फळ्यावरची एक बेरीज चुकली आहे, हे सांगत आला. मला फार बरे वाटले.

तेव्हा माझी वाचकांना विनंती आहे. पुढारी आपल्या वस्तीत आले की त्यांचे काम पाहाच, पण बोलणेही ऐका. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देतात, की "तुला कुणी पाठवले" असे विचारतात? "नाही" म्हणताना कारण सांगतात, की नाव ठेवतात? ग्रामसभेत, वस्तीच्या बैठकीत कुणी बाई प्रश्न विचारायला उभी राहिली आणि तिला हिणवले गेले, तर तिचे म्हणणे पटो न पटो, शेजारच्या दोघींनी उठून एवढेच म्हणावे, "साहेब, आधी त्यांच्या प्रश्नाचं उत्तर द्या." टाळी वाजवायची की नाही, हे तर आपल्याच हातात आहे. आणि घरात मुलाने उलट प्रश्न विचारला तर "फार शहाणा झालास" म्हणण्याआधी एक क्षण थांबा. पोर बोलायला शिकते ते घरातच.

आपल्या भाषेत 'मत' हा शब्द मोठा गमतीचा आहे. यंत्रावर बोट ठेवून द्यायचे तेही मत आणि मनात असते तेही मत. निवडून येणारा आपल्याकडून पहिले मत घेऊन जातो. दुसरे त्याने मागितले नाही आणि आपण दिलेले नाही. ते आपलेच आहे आणि ते बोलून दाखवणाऱ्यालाही तो तितकाच बांधील आहे.

त्या मावशींच्या गल्लीत आता पाणी पहाटे साडेपाचला येते. गल्लीतल्या सगळ्या बायकांनी मिळून अर्ज दिला होता. त्यावर पहिली सही कुणाची होती, हे सांगायला नको.

जयभीम! नमो बुद्धाय!